खाट कोणाला मिळते? मुंबई-ठाणे परिसरातील तीन साथींचा धडा

रोगजंतू माणसाची जात विचारत नाही आणि उत्पन्नाचा दाखला मागत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. हे विधान बरोबरच आहे. परंतु एखाद्या साथीत मरण पावलेल्यांची आकडेवारी समोर घेऊन बसले की तीत जात दिसते, उत्पन्न दिसते आणि राहण्याचा पत्ताही दिसतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? याचे उत्तर जंतू आणि मृत्यू यांच्या मधल्या टप्प्यांत आहे. माणूस कोठे राहतो, काय खातो, कोणते काम करतो आणि आजारी पडल्यावर कोणत्या दारी जातो, हे ते टप्पे होत. या लेखात आम्ही त्यांपैकी शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे सार्वजनिक रुग्णालयाचा विचार करणार आहोत.

त्यासाठी नकाशावर एक ठिकाण निवडू. ठाणे जिल्ह्यात शीळफाटा आहे. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याणकडे जाणारा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता तेथे एकत्र येतात. शीळ हे ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहे. कल्याणच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की कल्याण-डोंबिवलीची हद्द लागते, आणि महापेकडे उतरले की नवी मुंबईची. तेथून कळव्याचे महापालिका रुग्णालय दहाएक किलोमीटरवर आहे, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि मुंबईचे शीव रुग्णालय तीसएक किलोमीटरवर. तीन महापालिका इतक्या जवळ असताना येथील आजारी माणसाची सोय चांगली असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काय होते हे समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

१८९६ : सक्तीचे दार

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे मात्र १८९८ मध्ये सिमाँ यांनी दाखवेपर्यंत कळले नव्हते, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. प्लेगवर गुणकारी औषध तर नव्हतेच. म्हणजे १८९६ चे रुग्णालय हे रोगी बरा करण्यापेक्षा रोगी वेगळा काढण्याचे साधन अधिक होते.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यांना घरातून सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार घेतले. हे रुग्णालय म्हणजे आर्थर रोडचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय, म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत शहरभर पसरली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी या रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी नियम सैल करण्यात आला. ज्यांच्या घरी रोग्याला वेगळे ठेवण्याची व उपचारांची नीट सोय असेल, त्यांना हलवण्याची सक्ती राहिली नाही.

ही सवलत कागदावर सर्वांसाठी सारखी होती. पण रोग्यासाठी वेगळी खोली देऊ शकणारी घरे त्या मुंबईत किती होती? गिरणगावात एका खोलीत आठ-दहा माणसे राहत. तेथे ‘घरी सोय’ असणे शक्यच नव्हते. म्हणजे नियमात कोणाचाही उल्लेख नसताना त्याचा फायदा मोठ्या घरांना झाला आणि सक्ती चाळींच्या वाट्याला आली. पुढे निरनिराळ्या जातींना व समाजांना स्वतःची प्लेग-रुग्णालये काढण्याची मुभा मिळाली. ज्यांच्याकडे धनिक देणगीदार होते त्यांची रुग्णालये उभी राहिली. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांना सरकारी रुग्णालय किंवा लपून राहणे हे दोनच पर्याय उरले.

पुण्यातही हेच चित्र होते. टिळकांनी तेथे हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. ज्यांना गावानेच वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी हडपसरजवळच्या माळावर यशवंतराव फुले यांनी दवाखाना उघडला. तेथे रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या साथीशी कल्याणचाही संबंध आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि आगगाडीने मुंबईबाहेर पडणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १८५४ मध्ये लोहमार्ग पोचल्यापासून कल्याण हे मुंबईचे दार बनलेच होते. आता तेथे प्रवाशांना उतरवून तपासले जाई. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना फलाटावर रांगेत उभे राहावे लागे, तर वरच्या वर्गाच्या प्रवाशांना मिळणारी वागणूक सौम्य असे. जंतूला तिकिटाचा वर्ग कळत नव्हता, तपासणाऱ्याला मात्र कळत होता.

येथे एक वैज्ञानिक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. आर्थर रोडच्या रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. याचे एक कारण रोगाची तीव्रता हे होते. दुसरे असे की, भीतीमुळे लोक रोगी लपवत आणि तो अगदी शेवटच्या अवस्थेत रुग्णालयात पोचे. तो दगावला की भीती वाढे, आणि पुढचा रोगी आणखी उशिरा येई. रुग्णालयावरील अविश्वास आणि रुग्णालयातील मृत्यू ही दोन्ही परस्परांची कारणे आणि परस्परांचे परिणाम होते. अशा चक्रात केवळ मृत्यूची टक्केवारी पाहून रुग्णालय चांगले की वाईट हे ठरवता येत नाही.

१९१८ : अपुरे दार

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत कामावर असलेले काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ही इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीची पहिली, त्या मानाने सौम्य लाट होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्राच्या खेड्यांत ही साथ ‘मानमोडी’ म्हणून ओळखली गेली. सबंध हिंदुस्थानात तिने १.२ ते १.८ कोटी बळी घेतले, असे अंदाज आहेत.

वीस वर्षांपूर्वी लोक रुग्णालयातून पळत होते. आता उलटे झाले. महायुद्धामुळे अनेक डॉक्टर लष्करी सेवेत गेले होते, रुग्णालये भरून गेली होती, आणि त्याच वर्षी पाऊस कमी पडल्याने धान्य महागले होते. त्या काळी विषाणूवर औषध नव्हते आणि फुप्फुसदाहावर प्रतिजैविकेही नव्हती. तरी शुश्रूषेने प्राण वाचत. उबदार अंथरूण, वेळेवर पाणी, पेज, विश्रांती आणि जवळ बसणारे माणूस हाच उपचार होता. ज्या घरातील सगळीच माणसे एका वेळी तापाने पडली, तेथे पाणी देणारेही कोणी उरले नाही. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांत औषधे घेऊन फिरले ते याच गरजेपोटी.

त्या वर्षी मुंबई शहरात इन्फ्लुएन्झाने दर हजारी किती माणसे मेली, याचे समाजवार आकडे नोंदले गेले. युरोपीय ८.३, पारशी ९.०, अँग्लो-इंडियन ११.९, भारतीय ख्रिस्ती १८.४, इतर हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि अहवालाच्या भाषेत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटले होते त्यांच्यात ६१.६.

पहिल्या व शेवटच्या आकड्यांचा भागाकार केला तर उत्तर ७.४ येते. एकाच शहरात, एकाच महिन्यांत, एकाच विषाणूने एका गटातील माणसे दुसऱ्याच्या सातपटीहून अधिक प्रमाणात मारली. या फरकाला केवळ रुग्णालय कारणीभूत होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. दाटीची घरे, अपुरे अन्न, आजारपणातही न सुटणारे काम आणि शुश्रूषेचा अभाव ही सगळी कारणे त्यात मिसळलेली आहेत, आणि हा एक तक्ता त्यांना वेगवेगळे करू शकत नाही. परंतु ‘साथीपुढे सारे समान’ हे विधान तपासायला तो पुरेसा आहे. येथे महत्त्वाचे काम ‘दर हजारी’ या दोन शब्दांनी केले आहे. नुसते एकूण मृत्यू मोजले असते, तर ज्या समाजाची लोकसंख्या मोठी त्याचे मृत्यू अधिक, एवढेच कळले असते.

रुग्णालये जागेवर राहिली, माणसे सरकली

पुढील तीन दशकांत मुंबईत मोठी सार्वजनिक रुग्णालये उभी राहिली. १९२१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाशी नायर रुग्णालय जोडले गेले. १९२६ मध्ये परळला केईएम सुरू झाले. त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून देणगी मिळाली, तीत भारतीय डॉक्टरांनाच नेमावे अशी अट होती. १९४७ मध्ये शीव येथे लष्करी बराकींत पन्नास खाटांचे रुग्णालय निघाले, तेच आजचे लोकमान्य टिळक रुग्णालय. गरिबांना मोठे उपचार अल्प खर्चात देणारी ही व्यवस्था देशात उठून दिसणारी आहे, याबद्दल शंका नाही.

पण ही ठिकाणे नकाशावर मांडून पाहावीत. ती सारी माहीम-शीवच्या अलीकडे आहेत, कारण १९५० पर्यंत मुंबई शहराची हद्द तेथेच संपत होती. हद्द पुढे मुलुंड-दहिसरपर्यंत गेली आणि वस्ती तर त्याही पलीकडे, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण अशी लोहमार्गाच्या कडेने वाढत गेली. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. त्याच काळात तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली, आणि तो देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

माणसे सरकली, मोठी रुग्णालये जागेवर राहिली. पलीकडे काहीच झाले नाही असे नाही. ठाणे महापालिकेने कळव्याला पाचशे खाटांचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय उभारले. कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहे. परंतु २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८.४ लाखांचे आणि कल्याण-डोंबिवली १२.५ लाखांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे प्रमाण कळते. गंभीर रोग्याला शीव किंवा परळला नेणे ही या भागाची जुनी सवय आहे.

१९७१ मध्ये वेल्समधील ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी ‘उलट्या सेवेचा नियम’ मांडला. जेथे गरज सर्वांत जास्त तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्यासमोर कोळशाच्या खाणींतील कामगारांच्या वस्त्या होत्या. ठाण्याच्या खाडीपलीकडच्या वस्त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०२० : दूरचे दार

कोविड-१९ ची साथ मार्च २०२० मध्ये मुंबई परिसरात आली. राज्यात पुन्हा तोच १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. सौम्य लक्षणे असलेल्यांना घरीच विलग राहण्याची मुभा मिळाली. अट होती ती घरात तशी सोय असण्याची. १८९६ च्या ऑक्टोबरातील सवलत येथे आठवल्याशिवाय राहत नाही. खोली असलेल्यांनी खोलीत राहावे आणि नसलेल्यांनी संस्थात्मक केंद्रात जावे, असाच तिचाही अर्थ होता.

२३ मार्चपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जूनला त्या सुरू झाल्या, पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. शीव-परळ हे ज्या भागाचे शेवटचे आधारस्थान होते, त्या भागाचा तेथे जाण्याचा स्वस्त रस्ताच नाहीसा झाला. याच काळात ठाण्याचे जिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखले गेले आणि इतर आजारांच्या रोग्यांचा भार कळव्याकडे वळला. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने, मुंबईत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तिकडेच राहावे असा आदेश काढला. विरोध झाल्यावर तो बाजूला ठेवावा लागला. त्यामागे संसर्ग रोखण्याचा हेतू होता. पण मुंबईच्या रुग्णालयांत राबणारे कितीतरी परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार याच पट्ट्यात राहतात. जे हात मुंबईतील खाटेजवळ उभे होते, त्यांचीच खाट कोणत्या महापालिकेच्या यादीत, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले गेले. साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७५००, आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९००० रुपये. महात्मा फुले जनआरोग्य योजना सर्व नागरिकांना खुली झाली. मुंबईत २४ प्रभागांत नियंत्रण कक्ष उघडून खाटांचे वाटप तेथून होऊ लागले. ठाण्यात बाळकूमजवळ सुमारे हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले, डोंबिवलीत क्रीडासंकुलाचे रुग्णालय झाले. तरीही दहा दिवसांचे ९०००० रुपये हा ‘बांधलेला’ दर कोणाच्या आवाक्यातला होता, हे प्रत्येकाने आपल्या परिचितांच्या पगारावरून ताडून पाहावे.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे तीत दिसले. नोंदलेल्या रोग्यांपेक्षा प्रत्यक्ष संसर्ग कितीतरी पट अधिक होता. म्हणजे तपासणीच्या आकड्यांत ज्या वस्त्या दिसत होत्या, त्या संसर्गाच्या मानाने फारच थोड्या दिसत होत्या.

धारावीचा अनुभव मात्र वेगळे काही सांगतो. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे राहणाऱ्या या वस्तीत, रोगी दारात येण्याची वाट न पाहता यंत्रणा गल्लीत गेली. खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन तापाची शिबिरे भरवली, प्राणवायूची पातळी मोजली, शाळांत विलगीकरण केले. शीव रुग्णालय धारावीला लागूनच आहे, ही गोष्टही विसरता कामा नये.

खाटांचे साधे गणित

रुग्णालयातील खाटांची गरज मोजण्याचे एक सोपे सूत्र विद्यार्थ्यांना सहज समजते. लागणाऱ्या खाटा म्हणजे रोज दाखल होणारे रोगी गुणिले सरासरी मुक्कामाचे दिवस. समजा, रोज १०० रोगी येतात आणि प्रत्येक जण सरासरी ८ दिवस राहतो. तर ८०० खाटा हव्यात. आता रोगी तेवढेच, पण उशिरा आल्याने मुक्काम १२ दिवसांवर गेला; तर १२०० खाटा लागतील. साथ वाढलेली नसताना ४०० खाटा कमी पडल्या.

कोविडमध्ये हे विशेष लागू होते, कारण धाप लागण्याआधीच रक्तातील प्राणवायू घटलेला असू शकतो. जवळच्या दवाखान्यात वेळेवर मोजमाप आणि प्राणवायू मिळाला तर अनेकांना अतिदक्षता विभाग लागत नाही. म्हणजे दूरच्या वस्तीला जवळचे दार देणे ही केवळ दयेची बाब नाही. त्यामुळे शहरातील सर्वांसाठीच्या खाटा वाचतात. विषमता हा साथीच्या गणितातलाच एक घटक आहे, आणि तो न धरता केलेला हिशेब चुकतो.

हे सूत्र एक सावधगिरीही शिकवते. मुक्काम दोन प्रकारे संपतो, बरे होऊन किंवा मरून. आणि जो रोगी दारापर्यंत पोचलाच नाही, तो सूत्रात येतच नाही. म्हणून ‘खाटा रिकाम्या आहेत’ या बातमीचा अर्थ नेहमीच चांगला नसतो. १८९६ मध्ये लपलेला रोगी आणि २०२० मध्ये तीन हद्दींच्या मध्ये रिक्षात फिरणारा रोगी, दोघेही रुग्णालयाच्या नोंदवहीबाहेरच राहतात.

साथ ओसरल्यावरही हा प्रश्न ओसरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रोगी दगावले. त्यांतील अनेक जण गंभीर अवस्थेत पोचले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. हे म्हणणे मान्य केले तरी, ते त्या अवस्थेत का पोचले, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर रुग्णालयाच्या भिंतींच्या आत सापडणार नाही.

वर्गात काय करता येईल?

नववीच्या पुढील विद्यार्थ्यांकडून एक छोटी पाहणी करून घेता येईल. शाळेच्या परिसराचा नकाशा काढावा. त्यावर प्रसूतीची सोय, प्राणवायूची सोय आणि अतिदक्षता विभाग असलेले सर्वांत जवळचे सार्वजनिक रुग्णालय वेगवेगळ्या खुणांनी दाखवावे. प्रत्येकापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा मिनिटांत आणि रुपयांत मोजावे. सकाळी दहा वाजता किती वेळ लागतो आणि रात्री दोन वाजता किती, हे दोन्ही लिहावे. रस्त्यावर अवजड वाहनांची कोंडी असेल तर तीही धरावी. शीळफाट्यासारख्या ठिकाणी या कोंडीमुळे अंतराचा आकडा तोच राहून वेळेचा आकडा बदलतो, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. शेवटी परिसराच्या लोकसंख्येला खाटांनी भागून, एका खाटेमागे किती माणसे येतात ते काढावे, आणि शेजारच्या महापालिकेच्या आकड्याशी त्याची तुलना करावी.

असे तक्ते दोन-तीन शाळांनी मिळून केले तर ते प्रभाग समितीपुढे किंवा ग्रामसभेपुढे ठेवता येतील. १९१८ चा तक्ता साथ संपल्यावर तयार झाला आणि ज्यांचा आकडा ६१.६ होता त्यांच्या तो उपयोगी पडला नाही. आपल्या परिसराचा तक्ता पुढच्या साथीच्या आधी तयार होऊ शकतो. त्याला लागणारे गणित आपण सातवीपर्यंत शिकवलेलेच असते.